शिट्टी ऐकू आली तरी

— नाही, ती जीन्स नको. जीन्स आधी बाहेर काढ त्या पिशवीतून. आणि हे काय, सुती बनियन? अगं यामिनी, सुती काही म्हणजे काही न्यायचं नाही वर डोंगरात, बर्फात. एकदा ओलं झालं की अंगाला चिकटून बसतं, वाळत नाही, माणसाची सगळी ऊब ओढून घेतं. लोकरीचं घे, नाहीतर ते प्लॅस्टिकसारखं सुळसुळीत असतं ना, ते. त्या खोक्यात बघ, माझे आहेत, तुला होतील. — अनुपचे नको, ते राहू दे तिथेच. ते मोठे होतील तुला. ये, बस ना त्या स्टुलावर. गॅरेज आहे गं, गॅरेजमध्ये थंडी असणारच. आणि काकू म्हणू नकोस मला, ताई म्हण. तुझी मैत्रीण सावनी म्हणते म्हणून तूही म्हणायला लागलीस.

यश कुठल्या ग्रुपबरोबर नेतोय तुला? नवऱ्याच्या ऑफिसच्याच? स्नोमोबाइल भाड्याची असतील मग, ती बर्फावर पळवायची मशीन. हेल्मेट देतात, अंगात घालायचा सूट देतात, आणि एका कागदावर सही घेतात, झालं. बाकीचं कोणी विचारत नाही. बाकीचं आपलं आपण. म्हणून सांगते, नीट बघ, मी कशी भरते ते. बॅग दोन भरायच्या, एक तुझी, एक यशची. एकीत दोघांचं भरायचं नाही. आणि मशीनला बांधायची नाही, पाठीवर घ्यायची. दिवसभर पाठीवर. टोचेल, घाम येईल, ठेवू दे म्हणेल तो मशीनवर — नाही. वॉल्ट म्हणतो, अंगावर असेल ते तुझं, मशीनवर असेल ते मशीनचं. वॉल्ट कोण म्हणजे — येतं पुढे, सांगते. म्हातारा आहे एक, वरच्या गावातला, शोधपथकात काम करतो. फुकट. शनिवार-रविवार बर्फात हरवलेल्या लोकांना शोधत फिरतो.

हे बघ, हा बीकन. हा बॅगेत नाही, हा अंगाला, जॅकेटच्या आत, बटण चालू करून. बर्फाचा लोंढा आला आणि माणूस गाडला गेला तर दुसऱ्याचा बीकन ह्याचा आवाज पकडतो. ही काठी जोडून जोडून लांब होते, बर्फात खुपसून बघायला. आणि हे फावडं. हसू नकोस, लहान दिसतं, पण मशीन रुतलं ना की हेच. ही पातळ चांदीसारखी चादर, गुंडाळून घ्यायची. हा कापूस — ओळख बरं काय आहे? व्हॅसलिनमध्ये बुडवलेला कापूस, डब्यात भरलाय. काडी लावली की ओल्या हवेतसुद्धा बराच वेळ जळतो. मी फुलवातीसारखे वळते, सवयीने. घरी बुद्धवंदनेला मेणबत्ती लावायची नुसती, वाती कुठून आल्या हातात माहीत नाही, आजीच्या असतील. हा टिनचा पेला, बर्फ वितळवायला. बर्फ तसाच खायचा नाही हं, कितीही तहान लागली तरी, आतून गार पडतं माणूस. शेंगदाण्याचे लाडू मी देते करून. ते एनर्जी बार दगड होतात गं थंडीत, दात तुटतील. लाडू बरे.

घाबरवत नाहीये मी तुला. राजसही तेच म्हणतो, माझा मुलगा, पुलमनला असतो ना कॉलेजात — आला की हे सगळं बघतो आणि म्हणतो, मॉम, सेल दिस स्टफ ऑलरेडी. विकू म्हणे. कुणाला विकू? कामाचं सामान आहे. बघ, तुझ्या कामाला आलं की नाही.

सावनीने सांगितलंच असेल तुला. काय सांगितलं? अपघात झाला म्हणाली असेल. इथे बेलव्ह्यूमध्ये सगळे तेवढंच म्हणतात, मालिनीच्या मिस्टरांचा अपघात झाला. बरोबर आहे, अपघातच. मी बरोबर होते हे सांगितलं का? — नाही ना. मला वाटलंच.

अनुपला वेडच होतं. आम्ही दोघं नागपूरचे, इंदोऱ्यातले, तिथे कसला बर्फ? उसाच्या रसातला तेवढा. इथे अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसच्या लोकांनी नेलं त्याला वर, आणि परत आला तो लहान मुलासारखा, जेवता जेवता हातवारे करून दाखवतोय मशीन कसं वळतं ते. मग दोन सेकंडहँड मशीन घेतली. दोन का, तर मला मागे बसवायचं नाही म्हणे, तू तुझं चालव. त्याच्या आईचं कसं झालं होतं माहीत आहे का, जाईबाई म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना आयुष्यात सायकलवरसुद्धा कोणी बसू दिलं नाही. तो म्हणायचा, माझी बायको कुणाच्या मागे बसणार नाही. आणि मला आवडायला लागलं गं. खोटं कशाला बोलू? त्या मोकळ्या पांढऱ्या पठारावर मशीन सोडायचं — कोणी विचारत नाही तू कुठली, काय आडनाव तुझं, कोणत्या गल्लीतली. काही नाही. नुसतं पांढरं.

दोन हजार चारचा फेब्रुवारी. आम्ही दोघंच होतो. सकाळी असं निळंशार आभाळ, म्हणून नेहमीपेक्षा वर गेलो, क्ली एलम गावाच्याही पुढे. दुपारी खोलगट जागेत त्याचं मशीन रुतलं. मऊ बर्फ होता, पोटापर्यंत. खणलं, ओढलं, परत रुतलं. माझं मशीन जवळ आणलं ओढायला, तेही बसलं. आणि तेवढ्यात वरून उतरलं. वादळ म्हणजे तुला वाटेल काळोख, गडगडाट — काही नाही. पांढरं होतं सगळं. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये आपण. स्वतःचे बूट दिसत नाहीत. उभं राहिलं की कळत नाही आपण उभे आहोत की पडतोय. व्हाइटआउट म्हणतात. मला अंधाराची भीती नाही वाटत, यामिनी. अंधार कळतो तरी.

आम्ही केलं सगळं नीट. मशीनच्या आडोशाला खड्डा केला, चादर घेतली, दोन्ही बॅगा खाली घातल्या बसायला. शेजाऱ्यांना सांगून आलो होतो कुठे जातोय, परत आलो नाही की फोन करा. म्हणजे कोणीतरी येणारच होतं, फक्त बसून राहायचं होतं. पण त्याला बसवेना. तो म्हणाला, वाट इथेच वर आहे, त्या उंचवट्यापलीकडे, मी येताना बघितली. मी म्हटलं, जाऊ नकोस. तो हसला. नागपुरी बोलायचा घाबरलेला असला की. म्हणाला, "काऊन घाबरतेस? येतोच मी. तू हालू नको इथून." मी त्याची बाही धरली होती. हातमोज्यात हातमोजा काय धरला जातो? सुटली.

उंचवट्यापर्यंत दिसलासुद्धा नाही तो. दोन पावलं टाकली असतील आणि पुसलाच.

मग शिट्टी वाजली. थोड्या वेळाने. तीन वेळा — मदत हवी असली की तीन वेळा वाजवायची, लक्षात ठेव तूही. बॅगेच्या छातीवरच्या पट्ट्याला असते बघ ही, नारिंगी. मी खालच्या बॅगेचा पट्टा वर ओढून माझी वाजवली, तीन वेळा. तिकडून परत तीन. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आहे, जवळच आहे, येईल आवाजावर. मी वाजवते, तो वाजवतो. पण आवाज जवळ येईना. कधी उजवीकडून, कधी पाठीमागून, कधी असा खालून, पायाखालून आल्यासारखा. एकदा इतका जवळून आला की मी उठले. चार पावलं गेले असेन. मागे वळून बघितलं तर मशीन नाही. माझ्याच पावलांचे ठसे बुजलेले. तशीच खाली बसले, चाचपडत, रांगत आले परत, मशीनचा दोर हाताला लागला तेव्हा मनगटाला गुंडाळून घेतला. आणि मग नाही उठले. शिट्टी वाजत होती तरी नाही उठले. तो सांगून गेला होता ना, हालू नको म्हणून. किती वेळ वाजत होती — खूप वेळ. मी उत्तर देत होते. ओठ फुटले, शिट्टीला रक्त लागलं, तरी देत होते.

रात्रीचं मी नाही सांगत. रात्र गेली. सकाळी वॉल्ट आला, त्याच्याबरोबर आणखी माणसं. दोर सोडवता येईना माझ्या मनगटाचा, कापावा लागला.

अनुप त्याच दिवशी सापडला. लांब नव्हताच तो. उंचवटा संपतो ना, तिथे वाऱ्याने बर्फाचा सज्जा तयार होतो, पुढे आलेला, खाली काही आधार नाही. वरून जमीनच वाटते. तो त्याच्यावर गेला आणि सज्जाच मोडला. डॉक्टर बाई होती, चांगली होती, माझा हात हातात घेऊन म्हणाली, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. लगेच गेले. तुमच्यापासून निघाल्यावर लगेच, काही मिनिटांत. तिला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

— पाणी देऊ का तुला? बरं.

सगळे म्हणाले, मालिनी, तू बरोबर केलंस. बसून राहिलीस म्हणून वाचलीस. ऑफिसातले म्हणाले, शोधपथकातले म्हणाले, पेपरातसुद्धा आलं होतं एवढंसं. पुण्यानुमोदनाला सिअ‍ॅटलहून, पोर्टलंडहून आपले लोक आले, तेही म्हणाले. कुणी एक माणूस मला चूक म्हणाला नाही. फक्त सासूबाई काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने फोन आला त्यांचा. आधी राजसचं विचारलं, जेवतो का, शाळेत जातो का. मग म्हणाल्या, "त्यानं हाक मारली का तुले?"

मी म्हटलं, "नाही आई."

खोटं नव्हतं गं ते. हाक नव्हतीच मारली त्याने.

कारण घरी आल्यावर मी बॅगा उघडल्या. वाळवायला. ह्याच ठिकाणी, इथेच, जमिनीवर. माझ्या बॅगेला माझी शिट्टी होती, रक्त लागलेली. आणि त्याची बॅग — मी तिच्यावर बसले होते ना, दोन्ही बॅगांवर बसले होते मी. त्याची बॅग पाठीवर नव्हतीच. तिच्या पट्ट्याला त्याची शिट्टी तशीच. नवी. नारिंगी.

वॉल्टला विचारलं मी एकदा. सरळ नाही, आडून. त्या बर्फात वाऱ्याने शिट्टीसारखा आवाज होतो का म्हणून? झाडांच्या शेंड्यांतून, कड्यातून? तो म्हणाला, होतो. मग म्हणाला, वारा मोजून तीन वेळा वाजवत नाही. त्याच्याही काही गोष्टी असतील, त्याने सांगितल्या नाहीत, मी विचारल्या नाहीत. पण दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्याच पथकात नाव दिलं मी. आता मीही जाते शोधायला. लोक सापडतात आम्हाला, पुष्कळ सापडतात. काल-परवाच दोन मुलं सापडली, हसत होती, चॉकलेट मागत होती.

कधी वाटतं, तो मला उठवत होता. ये म्हणत होता. ती चार पावलं टाकली त्याच दिशेने पुढे गेले असते तर मीही त्या सज्जावरच गेले असते, वॉल्टने नकाशावर दाखवलं मला नंतर. आणि कधी वाटतं, नाही, तो मला तिथेच धरून ठेवत होता — मी उत्तर देत राहावं, झोपू नये म्हणून. थंडीत झोप लागली की संपतं सगळं. त्या शिट्टीने मला जागं ठेवलं, एवढं खरं. ह्यातलं काय ते मला कळलं असतं ना यामिनी, तर मी हे सामान विकलं असतं. राजस म्हणतो तसं. म्हणून तर जाते मी. दरवर्षी, काम नसलं तरी, एकटी, मशीन बंद करते त्या खोलगट जागेत, आणि वाजवते. तीन वेळा. आणि थांबते. तर —

काही नाही.

अगं, नाही, तुझ्या तोंडाचा रंग बघ केवढा उडालाय. मी पण काय बोलत बसते. नाही, येत नाही काही उत्तर. कुठून येणार? वारा असतो. बंद कर ती चेन, नीट बंद कर, दाताला अडकते ती. हां.

एवढंच ऐक माझं. मशीन अडकलं, आणि दिसेनासं झालं, तर एकमेकांना बांधून घ्या. खरंच बांधून घ्या, दोराने, लाज वाटू देऊ नका. यशला म्हणावं, ताईंनी सांगितलंय. आणि तरीसुद्धा तो गेला उठून — पुरुष जातात उठून — तर तू बसून राहायचं. शिट्टी ऐकू आली तरी. त्याचा आवाज ऐकू आला, तुझं नाव घेतलं, घरात घेतो ते नाव घेतलं, तरी. तू उठायचं नाहीस. नंतर लोक तुला सांगतील, बरोबर केलंस म्हणून. त्यांना सांगू दे.

रडू नकोस. जाऊ नका असं म्हणत नाहीये मी. जा, छान दिसतं वर, मजा करा. घे, दोन्ही बॅगा घे, ही जड आहे, ही यशला. लाडू मी सावनीकडे ठेवते.

आणि संध्याकाळी खाली उतरलात, सिग्नल आला, की मला फोन कर. पण बोल माझ्याशी. नुसती रिंग देऊन ठेवू नकोस, तुम्हा मुलींना सवय असते, फोनची मिनिटं वाचवायला. उचलल्यावर बोल काहीतरी, कितीही वेळ लागला मला उचलायला तरी. तुझं नाव सांग. मी विचारेन काय जेवलात, ते सांग. नुसता आवाज नको मला, यामिनी. शब्द हवेत.

जा आता. पाऊस वाढलाय, फोर-ओ-फाइव्ह हायवे जाम होईल. दार मी लावते.