कमरेतला जोर

खेळाडूंच्या हालचाली मोजणाऱ्या प्रयोगशाळेबाहेर माझ्या आधी व्हीलचेअरवरची एक बास्केटबॉलपटू होती. सोबत तिचा धाकटा भाऊ.

"ताई, आत नक्की काय मोजतात?"

"चेंडू फेकताना कुठला स्नायू किती चालतो ते."

"मग तुला घाम का फुटलाय?"

"उकडतंय."

"काल खाली पडलेला चेंडू उचललास आणि हात न टेकता सरळ झालीस. मी पाहिलं."

"बरं लक्ष असतं तुझं!"

"कमरेत जोर आलाय ना? कधीपासून?"

"हळू बोल. चार महिने झाले."

"आणि आईला सांगितलं नाहीस?"

"आई गावभर करेल. शरीर किती चालतं त्यावर आमचे गट ठरतात; इथे कळलं तर माझा गट बदलतील, संघातली जागा जाईल."

"म्हणजे आत मुद्दाम कमी वाकणार?"

दार उघडलं. आतल्या बाईंनी तिला बोलावलं.

"आधी यांना घ्या," माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली.