सिमल्याला गेलेली माणसं

चांगुणा : अवं, पडदा सोडा आधी! रस्त्यावरनं सगळं दिसतंय.

ज्ञानदेव : कोन बघतंय हितं? खाली तळं, वर डोंगर. बघितलं तर माकडं बघत्याल.

चांगुणा : सकाळी दूधवाला गेला की खालनं. त्याची भन आपल्याच गावात दिलीया. त्यानं तुमाला बघितलं तर दुपारपत्तुर गावभर व्हईल. सिमल्याला गेलेली मानसं मुळशीच्या तळ्याकाठी साहेबाच्या बंगल्यात भाकऱ्या थापत बसल्यात.

ज्ञानदेव : मी हितला वॉचमन हाय. माझ्याच ड्युटीच्या बंगल्यात मी दिसलो तर काय चोरी झाली?

चांगुणा : वॉचमन रजेवर हाय. चौकात केवढा मोठा फ्लेक्स लागलाय तुमचा. फेटा बांधून, काळा चष्मा घालून.

ज्ञानदेव : चष्मा आपल्या पुतन्यानं, भिक्यानं घातला, मोबाइलमदी. मी जल्मात कवा चष्मा लावला न्हाई.

चांगुणा : आन मला उभी केलीया बरफात, नऊवारीवर, अनवानी. ‘सिमला दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक, समस्त भावकी.’ दौरा म्हनं! जसं काय मंत्रीच निघालं.

ज्ञानदेव : हसू नगंस. भावकीनं देवळापुढं नारळ दिला, शाल घातली. सरपंचानं भाषण केलं. आता त्या मानसांपुढं काय तोंड घेऊन जायचं? पुणे स्टेशनावरनंच म्हागारी फिरलो म्हनून?

चांगुणा : मग सांगायचं, बायकूच्या छातीत कळ आली. मानूस आजारी पडतंच.

ज्ञानदेव : तेच म्हनत हुतो की मी! घरी चल म्हनलं, तर घर नगं. दवाखान्यात चल म्हनलं, तर दवाखाना नगं. जरा कुटंतरी टेकू म्हनालीस, म्हनून साहेबाचं कुलूप काढून हितं आनली. साहेब परदेशात हायेत म्हनून बरं. आता तर चांगली दिसतियास. दोन भाकरी खाल्ल्यास, वर ठेचा.

चांगुणा : माझं खानं मोजताय व्हय?

ज्ञानदेव : मोजत न्हाई. म्हनतोय, बरी झालीस तर उद्या निघू. तत्काळचं तिकीट काढतो. गावाला काय कळनार बी न्हाई. दोन दिस उशिरा पोचलो, येवढंच.

चांगुणा : नगं. थंडी लई हाय तितं. जुईली म्हनाली न्हाई का, थंडीचं येऊ नका म्हनून?

ज्ञानदेव : दिवाळीपासनं तेच म्हनतिया ती. उन्हाळ्यात यावं तर म्हनायची, गर्दी लई. आता म्हनतिया, थंडी लई. मग बापानं लेकीकडं जायचं कवा? ...थांब. भिक्याचा फोन हाय.

चांगुणा : उचलू नका.

ज्ञानदेव : सकाळपासनं करतुया. न उचलून कसं चालंल? ...हां, बोल भिकू. व्हय व्हय, पोचलो की. ...बरफ? हाय ना. लई हाय. ...कसा म्हंजी? पांढरा हाय. ...गुडघ्यापत्तुर. न्हाई, आता वाढला, दारापत्तुर आलाय. भाईर पाय टाकता येत न्हाई, म्हनून तर आत बसलोय. ...फोटू? बोटं गारठल्यात रं, दाबायलाच येईना. ...व्हिडिओ नगं, रेंज जातिया. ...चुलती? चुलती शेगडीपाशी बसलीया. ...जुईली ड्युटीवर गेली. ...काय? मागं मोर वरडतोय? न्हाई रं येड्या, टीव्ही हाय. बरं, ठिव आता. ठिव म्हनतो ना!

चांगुणा : मोराला बी आताच कंठ फुटला.

ज्ञानदेव : मी आजवर भावकीत कवा खोटं बोललो न्हाई. आन आता बघ, दारापत्तुर बरफ आनून ठेवला.

चांगुणा : थोडं जपून आनायचा. उद्या तो इचारंल, वितळला का म्हनून.

ज्ञानदेव : कानटोपी कुटं हाय माझी? ह्या दगडी घरात खरंच सिमला व्हायला लागलाय. निळ्या पिशवीत ठेवलीस का?

चांगुणा : निळी नका उघडू! कानटोपी ट्रंकेत हाय. मी देते.

ज्ञानदेव : का? साप हाय का हीत? ...डिंकाचं लाडू. बरं. थंडीला चालत्यात. ...आळीव. ठीक हाय. ...ह्यो काय, बाळंतशेपा? ...वेखंड. ...चांगुणे, थंडीला वेखंड कशाला लागतंय?

चांगुणा : खोकल्याला.

ज्ञानदेव : आन हे टोपडं? हे कुनाच्या खोकल्याला?

चांगुणा : ठेवा ते खाली.

ज्ञानदेव : माझ्या दोन्ही भनींची बाळंतपनं आपल्या घरात झाली. शेपा कुनाला चघळायला देत्यात, वेखंड कुनाच्या टाळूला लावत्यात, येवढं मला कळतंय. बोल आता.

चांगुणा : काय बोलू? तुमीच बोललासा सगळं.

ज्ञानदेव : जुईली?

चांगुणा : व्हय. दिस भरत आल्यात.

ज्ञानदेव : अगं पर लगीन...

चांगुणा : झालंय. वरीस होऊन गेलं. कोर्टात केलं. वाईट काय केलं न्हाई पोरीनं.

ज्ञानदेव : कुनासंगं?

चांगुणा : तिच्याच हाटेलाची गाडी चालवतोय. तितल्याच डोंगरातला हाय. आई न्हाई त्याला, लहानपनीच गेली.

ज्ञानदेव : म्हंजी आपल्यातला न्हाई.

चांगुणा : सिमल्यात आपल्यातला कुठनं आनायचा तिनं? तुमी पाठवलात का एखादा पार्सलनं?

ज्ञानदेव : चेष्टा करू नगंस! वरीसभर रोज माझ्या ताटात वाढत हुतीस. वरीसभर मी पारावर बसून सांगत हुतो, पोरगी एवढ्यात उजवायची न्हाई, पोरगी मोठ्या हाटेलात सायेब हाय. आन तू घरात बसून ऐकत हुतीस.

चांगुणा : सांगायचं तोंडापत्तुर यायचं. मग तुमच्या तोंडाकडं बघायची आन गिळायची.

ज्ञानदेव : मग स्टेशनावर छातीत कळ...

चांगुणा : कळ न्हवती. तुमी पान्याची बाटली आनायला गेलात, तवा तिचा फोन आला. रडत हुती. म्हनली, आई, तू ये, मला तू पायजे. पर आबांना आनू नगंस. डाक्टरनीनं सांगितलंय, रक्तदाब वाढू द्यायचा न्हाई. आबा दारात उभं ऱ्हाऊन एक शब्द जरी बोललं, तर माझ्या पोटातलं काय व्हईल? आता सांगा, काय करायचं हुतं मी? तुमाला फलाटावर सोडून एकटी गाडीत चढायचं? पौडच्या एसटी स्टँडापलीकडं मी एकटी कवा गेली न्हाई. म्हनून बसले खाली, छाती धरून.

ज्ञानदेव : मी काय राकीस हाय का? पोटुश्या पोरीला काय करनार हुतो मी?

चांगुणा : रंभाबाईच्या पोरीच्या टायमाला तुमी काय केलंत?

ज्ञानदेव : ते येगळं हुतं.

चांगुणा : काय येगळं हुतं? तिच्या पोरीनं बी भाईरचाच केला. पोरगी जावयाला घेऊन पाया पडायला आली, तवा भावकी बसली हुती तुमच्याच ओसरीवर. रंभाबाईच्या दारात ज्यो कोन पानावर बसंल त्यो आमचा न्हाई, हे कोन म्हनलं? मोठं म्हनून तुमीच बोललात. तवापासनं तिच्या घरच्या सत्यनारायणाचा परसाद सुदिक कुनी घेत न्हाई. भिंतीला भिंत हाय तिची आपली. मी चोरून भाजी दिली तरी वाडगं तसंच परत देते ती, हात लावत न्हाई.

ज्ञानदेव : भावकीचं म्हननं हुतं. मी एकट्याचं न्हवतं.

चांगुणा : त्या टायमाला भावकीला पानी कोन देत हुतं? जुईली. तांब्या घेऊन हुभी हुती तितंच. बारावीला हुती. तिनं सगळं ऐकलं. त्या दिवसापासनं भ्यालीया ती तुमाला. हाटेलाचं शिकायचं म्हनून इतकी लांब गेली, ते तुमाला कौतुक वाटलं. मला न्हाई वाटलं.



ज्ञानदेव : आता पान कुनाच्या दारात मांडायचं न्हाई? माझ्याच.

चांगुणा : व्हय.

ज्ञानदेव : मीच बोलल्यालं हाय. आता फिरवलं तर पहिली रंभावयनी इचारंल, भाऊजी, माझ्या पोरीला एक न्याय आन तुमच्या पोरीला दुसरा? काय सांगू तिला? आन न्हाई फिरवलं तर माझी पोरगी माझ्या दारात यायची न्हाई. गावात बी जाता येत न्हाई, सिमल्याला बी जाता येत न्हाई. मला कोंडल्यासारखं व्हतंय गं. जीव गुदमरतोय.

चांगुणा : बसा. पानी घ्या.

ज्ञानदेव : मी तिला काय बोललो असतो? खरं सांग.

चांगुणा : मला न्हाई ठाव. तुमाला तरी ठाव हाय का?

ज्ञानदेव : ...न्हाई.

चांगुणा : मग तिनं तरी कसा भरोसा धरायचा? पहिलं बाळंतपन हाय पोरीचं. आपल्यात पहिलं माहेरात व्हतं. ते बी तिला न्हाई मिळालं. तितं बाळाला आंघूळ घालायला बाईमानूस न्हाई. मोबाइलवर बघून शिकतिया म्हनं, अंग कसं चोळायचं ते. मला हितं बसून झोप येत न्हाई. तुमचा राग आला तरी येऊ द्या, पर मला जायचंय.

ज्ञानदेव : मग जा तू.

चांगुणा : एकटी?

ज्ञानदेव : उद्या पहाटंच्या एसटीनं नगं, वळखीचं भेटत्याल. रिक्षा सांगतो पिरंगुटची. तोंडावर पदर घेऊन बस. स्टेशनावर गाडीत बसवून देतो. खालचा बर्थ बघतो. दिल्लीपत्तुर उतरायचंच न्हाई कुटं. शेजारच्या बाईला सांगून ठेवीन.

चांगुणा : आन तुमी?

ज्ञानदेव : मी हितं म्हागारी येतो.

चांगुणा : हितं? आन कवापत्तुर?

ज्ञानदेव : तू येस्तवर. गावाला आपून दोघं सिमल्यालाच हाय. भिक्याचा फोन आला की मी बरफाचं काय बाय सांगीन. तू तुझं काम कर.

चांगुणा : अवं, बाळंतपन म्हंजी सव्वा म्हैना. सव्वा म्हैना अंधारात बसनार?

ज्ञानदेव : दिवसा पडदा सोडायचा, एवढंच. साहेबाच्या गोदामात तांदूळ हाय, माघारी भरून ठेवीन. मला पिठलं येतंय.

चांगुणा : त्यापरीस घरी जावा. सांगा भावकीला, माझ्या पोरीचं असं असं झालं. रंभाबाईच्या दारात जावा आन एक घोट च्या पिऊन या. लई न्हाई, येवढंच.

ज्ञानदेव : ते मला आज व्हनार न्हाई, चांगुणे. उद्याचं म्हाईत न्हाई. माझ्यानं होतंय तेवढं मी करतुया. तू जा.

चांगुणा : भित्रं हायसा तुमी.

ज्ञानदेव : व्हय. लाव फोन तिला. सांग, आई येतिया म्हनून. आन तो आवाज मोठा कर, मला बी ऐकू दे.

चांगुणा : तुमी बोलू नका मदी.

ज्ञानदेव : न्हाई बोलत.

चांगुणा : ...हॅलो. जुई? अगं, मी. कशी हायस?

जुईली : आई! बरी आहे गं. पाय सुजलेत फक्त. तुझं काय? छातीत कळ आली म्हणून आबांचा फोन आला होता, काय म्हणाले डॉक्टर?

चांगुणा : छाती ठीक हाय माझी. ऐक. मी येतिया. उद्या बसते गाडीत.

जुईली : येतेस? खरंच? ...आणि आबा?

चांगुणा : आबा न्हाईत येत. मी एकटी येतिया.

जुईली : तू? एकटी? तुला दिल्लीला गाडी बदलता तरी येईल का? आई, आबांना कळलं का? तू त्यांना सांगितलंस का? आवाज असा का येतोय तुझा? कोण आहे तिथं?

चांगुणा : कोन न्हाई. तू जिवाला घोर लावून घेऊ नगंस. दिल्लीला घ्यायला येईल ना कोनीतरी?

जुईली : हो, येईल ना. तो येईल. रजा घेईल, मी सांगते. स्टेशनवरच थांब, डब्यातून उतरून कुठं जाऊ नकोस. तो फलाटावर येईल.

ज्ञानदेव : जुई.

जुईली : ...आबा?

चांगुणा : अवं, तुमी बोलनार न्हवता ना!

ज्ञानदेव : घाबरू नगंस. मी येत न्हाई तिकडं. फकस्त एक इचारायचं हाय. तुझी आई कवा परमुलखात गेली न्हाई. तिला उतरवून घ्यायला कोन येनार?

जुईली : तो येईल, आबा. म्हणजे... तो.

ज्ञानदेव : तो म्हंजी कोन? नाव न्हाई व्हय त्याला?

चांगुणा : मला ठाव हाय, मी सांगते की.

ज्ञानदेव : तू थांब. मला तिच्या तोंडून ऐकायचंय.