एनिडचा सूर आणि जावयाचा डबा

...आणि मला एक सांगा, भजन म्हणताना डब्याला दम लागतो का? लागतो का? नाही ना? मग ज्याला दमच लागत नाही त्यानं आमच्यासारख्या धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पुढं पळायचं कशाला! मी हेच म्हणत होतो, पहिल्यापासून म्हणत होतो, पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण, मांजराला हाक मारली तर ते उलट्या दिशेनं चालायला लागतं... तर डबा. बिस्किटाच्या डब्याएवढा, काळा, वर एक हिरवा दिवा. जावयानं बनवलेला. आणि तो ठेवला कुठं, तर चॅपलमधल्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमधल्या, पायपेटीच्या डोक्यावर! म्हणजे जिथं चाळीस वर्षं माझी बायको बसली, तिथं आता डबा बसलाय, आणि मी ते बघत बसलोय तिसऱ्या बाकावर.

तुम्हाला सांगतो, आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात कुणी कशाला छान म्हणत नाही. जिभेला सवयच नाही. पोर झालं, वाईट नाही. सून आणली, वाईट नाही. माझ्या थोरल्या भावाला डॉक्टरनं विचारलं, कसं वाटतंय, तो म्हणाला वाईट नाही, आणि दुपारच्या चहाआधी गेला! तर एनिडनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चाळीस वर्षं पायपेटी वाजवली, आणि दर रविवारी सगळं आटपलं की चॅपलचा कारभारी क्लिफर्ड अ‍ॅक्रॉइड दारात टोपी काढून म्हणायचा, "वाईट नाही, एनिड." बास. एवढ्यावर ती बाई बुधवारपर्यंत तरंगायची! त्या तंद्रीत भाजीत मीठ जास्त पडायचं.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, नव्हे शाळेनंच मला सोडलं, आणि लोकरीच्या गिरणीत रंगाच्या पिंपांपाशी उभा राहिलो तो गिरणी बंद पडेपर्यंत. डावा कान तिथंच ठेवून आलो. पण रविवारी चॅपलला जायचं, तिसऱ्या बाकावर बसायचं, शेजारच्या जागेवर टोपी ठेवायची. सगळ्यांच्या शेजारी बायका, माझ्या शेजारी टोपी! लग्न झालेला माणूस मी, पण देवाला वाटत असेल विधुर आहे बिचारा.

मग गेल्या हिवाळ्यात एनिडची बोटं गेली. आल्याच्या गड्ड्यासारखी झाली हो, इकडं गाठ, तिकडं गाठ, किटलीचं झाकण बसवता येईना. एक रविवार ओढला, दुसरा ओढला, तिसऱ्या रविवारी घरी आली, हातमोजे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हर्बर्ट, झालं माझं." बास. रडणं नाही, भेकणं नाही. चहा टाकला. तुम्हाला सांगतो, ती रडली असती तर बरं झालं असतं, मी निदान रुमाल तरी शोधला असता. पण त्यानंतर दर रविवारी ती काय करायची, तर पडदे धुवायची! कपडे नाही, पडदे! मी म्हणायचो, "अगं चल की, नुसती बसायला चल." तर म्हणे, "बसू? मी तिथं कधी बसलेय का नुसती? हात कुठं ठेवू?" मला तेवढंच हवं होतं हो, बाकी काही नको... ती टोपी उचलून मांडीवर घ्यायची आणि तिथं एनिडनं बसायचं.

मधल्या काळात जावई पुढं सरसावला. नाइजल. यॉर्कशरच्या बाहेरचा, दक्षिणेकडचा आहे, पण आता पोरीनं केलाय तर केलाय. मला हर्बर्ट म्हणतो! नावानं! मी माझ्या सासऱ्याला तो मरेपर्यंत मिस्टर म्हणत होतो, आणि मेल्यावरही महिनाभर. हा घरी बसून कॉम्प्युटरचं काम करतो, वर इस्त्रीचा सदरा, खाली पायजमा. सकाळी नऊला त्याची उभ्यानं मीटिंग असते म्हणे, आणि असतो बसलेला! मी विचारलं, बाबा रे, तू नक्की करतोस काय? तर म्हणाला, एका दुकानाचा सगळा कारभार या ढगातून त्या ढगात हलवतोय. दोन वर्षं हलवतोय! मी उभा जन्म या खोऱ्यात ढगाखाली काढला, डोक्यावर पाऊस पडला, गारा पडल्या, दुकानाची एक फळी कधी पडली नाही.

तर क्लिफर्ड म्हणाला पेटी वाजवायला कुणी नाही, आणि नाइजल म्हणाला, "त्यात काय, मी करतो की!" भजनांचं पुस्तक घेऊन गेला, त्यातले सूर कॉम्प्युटरला शिकवले, आणि आणला डबा. क्लिफर्डनं बटण दाबायचं, डब्यानं वाजवायचं, आम्ही गायचं. सोपं!

पहिला रविवार. आमचं खोऱ्याचं स्वतःचं एक भजन आहे, चाल इथलीच, चार कडव्यांचं, प्रवचनाच्या आधी म्हणायचं. आणि रीत अशी, की तिसरं कडवं संपलं की एनिड जरा थांबायची. का? तर तेवढ्यात पेपरमिंटची पुडी बाकावरून फिरायची. प्रवचनात कागद कुरकुरला तर बरं दिसत नाही ना, म्हणून सगळ्यांनी तेव्हाच गोळी गालात सारायची. आता हे पुस्तकात लिहिलंय का? डब्याला कुणी सांगितलंय का? तिसरं कडवं संपलं, आमचे हात पुडीत, आणि डबा सुटला की चौथ्यावर! निम्मे लोक तोंडात गोळी घेऊन गातायत, आणि क्लिफर्डची गोळी गेली आख्खी खाली! जांभळा झाला माणूस. कुणी पाठीत थापटी मारली? छे! आमच्याकडं आधी विचारतात. मागच्या बाकावरच्या सटक्लिफ बाई वाकून म्हणतायत, "मिस्टर अ‍ॅक्रॉइड, थोपटू का? तुमची हरकत नसेल तर..." आणि तो बिचारा जीव जाता जाता हातानं खुणावतोय, नको नको, तुम्हाला त्रास कशाला!

वाचला. पण त्याहून मोठा घोळ पुढंच होता. त्या भजनात शेवटच्या ओळीला सूर चढत जातो, जिना चढावा तसा, एक पायरी, दुसरी पायरी, आणि वर जाऊन थांबतो. आम्ही थांबलो. डबा आणखी एक पायरी वर गेला! म्हणजे आम्ही खाली, डबा वर, आणि मधे असा काही आवाज... एका पोत्यात दोन मांजरं घातल्यासारखा. माझ्या उजव्या कानाला वाटलं आपणही डाव्याबरोबर गेलो असतो तर बरं होतं.

मग चहाला सगळे जमले. कुणी काही बोललं? नाही. सगळे म्हणाले, हवा बरी आहे. नाइजलचे कान लाल. तो क्लिफर्डला म्हणाला, "अहो, पुस्तकात हाच सूर आहे, हे बघा. माझ्याकडं घरी बरोबर चालत होतं." क्लिफर्डनं पुस्तक बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं आणि म्हणाला, "मग पुस्तक चुकलं असेल, बाबा. एनिडनं कधी असं वाजवलं नाही."

मी घरी येऊन एनिडला सगळं सांगितलं. म्हटलं जरा खूश होईल. ती पडदा पिळत होती. सगळं ऐकलं, आणि विचारलं काय, तर "क्लिफर्ड बरा आहे ना?" बास.

पण संध्याकाळी नाइजल आला. लॅपटॉप घेऊन. आणि तुम्हाला सांगतो, दक्षिणेकडचा असला तरी माणसानं एक गोष्ट नीट केली. तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "एनिड, मला काही कळत नाहीये. तुम्ही कुठं थांबत होता, सांगाल का?"

एनिडनं पडदा खाली ठेवला.

"दुसऱ्या कडव्याला सावकाश घ्यायचं," म्हणाली.

"का?"

"सटक्लिफ बाईंची वरची कवळी सैल आहे. त्या ओळीत 'स' फार आहेत."

नाइजल टाइप करतोय! गंभीरपणे!

"आणि दुसरं संपलं की थांबायचं. बाहेर बस चढ चढते, तिचा आवाज जाईपर्यंत."

"पण बस उशिरा आली तर?"

"तर उशिरा थांबायचं."

"अहो, पण डब्याला कसं कळणार बस आली ते?"

"मला कसं कळायचं?" एनिड म्हणाली.

मी मधे बोललो, म्हटलं थांबायचं एक बटण दे क्लिफर्डला, खिडकीपाशीच असतो तो. तर दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी किटली बोलली. पण बटण घातलंच बरं का! आणि मग तास, दीड तास हेच. हे कडवं त्याच्या दम्यासाठी, ते तिच्या गुडघ्यासाठी, बसून उठायला वेळ लागतो म्हणून. मी माझ्याच स्वयंपाकघरात माझाच चहा स्वतः करून घेतला. शेवटी न राहवून विचारलं, "आणि माझ्यासाठी कुठं थांबायचीस?"

"तुझ्यासाठी? तू गातोस कुठं, हर्बर्ट. तू नुसते ओठ हलवतोस."

चाळीस वर्षं! पाठमोरी बसून! हिला कळलं कसं?

जाताना नाइजल मला दारात हळूच म्हणाला, तो वरचा सूरपण मी खाली घेतो, क्लिफर्ड म्हणतोय खालचाच एनिडचा सूर आहे, तोच हवा. तिला नका सांगू, ऐकून बरं वाटेल तिला. मी म्हटलं, वाईट नाही. पोरगा इतका गोंधळला, त्याला वाटलं मी नाराज आहे! दक्षिणेकडचा, दुसरं काय.

मग आला सुगीचा रविवार, पीक घरात आलं म्हणून देवाचे आभार मानायचा. वेदीपाशी भोपळे, कांदे, आणि क्लिफर्ड दरवर्षी आणतो तो वाटाण्याचा डबा, मला वाटतं दरवर्षी तोच असतो. मी टोपी घालून निघालो, बघतो तर एनिड दारात, हातमोजे घालून उभी! "बघू तरी तुमच्या डब्याला बस कळते का," म्हणाली.

मी टोपी मांडीवर घेतली. ती शेजारी बसली. उजवीकडं. हात कुठं ठेवावा तिला कळेना, मग तिनं पुस्तक धरलं. मी समोर बघत होतो. असल्या वेळी माणसानं समोरच बघावं.

भजन सुरू झालं. आणि खरं सांगतो... दुसऱ्या कडव्याला डबा सावकाश झाला, सटक्लिफ बाईंचे दात जागच्या जागी! बस आली, क्लिफर्डनं बटण दाबलं, बस गेली, परत सुरू. तिसरं झालं, पुडी फिरली, सगळ्यांचे गाल फुगले. मी तिरप्या डोळ्यानं बघतोय, एनिडच्या आल्यासारख्या बोटांची पुस्तकावर हालचाल चाललीय. मग शेवटची ओळ. जिना चढतोय, एक पायरी, दुसरी, डबा थांबला, आख्खं चॅपल थांबलं, जिथं चाळीस वर्षं थांबलं तिथं... आणि माझ्या उजव्या कानाशी एनिड एकटीच आणखी एक पायरी वर गेली! मोकळ्या गळ्यानं! उभी राहिली वर जाऊन, आणि उतरायचं नाव घेईना!

कुणी मागं वळून बघितलं? नाही. आमच्याकडं वळत नाहीत. नुसत्या माना लाल झाल्या, पुढून मागपर्यंत.

चहाला क्लिफर्डनं मला कोपऱ्यात घेतलं. "वाईट वाटतं रे, हर्बर्ट. इतकी वर्षं वाजवलं, आणि आता तिला स्वतःचा सूर आठवत नाही." मी म्हटलं, हवा बरी आहे.

घरी जाताना चढावर मी विचारलं, "अगं, ते शेवटी काय केलंस?"

"बरोबर गायले," एनिड म्हणाली. "पुस्तकात तोच सूर आहे."

"मग चाळीस वर्षं दुसरा का वाजवलास?"

"पेटीची ती पट्टी मेलेली आहे, हर्बर्ट. पहिल्या दिवसापासून. दाबली की नुसती फुस्स. म्हणून शेजारची घ्यायचे."

"अगं, मग सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. समिती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू."

"मग पुढच्या वर्षी परत का नाही विचारलंस?"

ती थांबली, माझ्याकडं बघितलं, जसा मीच अडाणी. "एकदा विचारलं होतं ना," म्हणाली.

आता सांगा! आख्खं खोरं एका मेलेल्या पट्टीवर वाढलं, लग्नं झाली त्याच्यावर, मर्तिकं झाली! नाइजलला कळलं तर तो तिथंच लॅपटॉप उघडायला लागला, एक ओळ बदलायचीय म्हणे, आत्ता करतो. एनिडनं झाकण खाली दाबलं. "राहू दे. लोकांना सवय झालीय, उगाच कशाला त्रास. त्यांचं ते गातील, माझं मी गाईन."

आणि गाते! दर रविवारी! पडदे धुणं बंद झालंय, घरातले पडदे मळलेत, पण बाई चॅपलला माझ्या आधी तयार. डबा खाली, चॅपल खाली, आणि एनिड वर, आणि मधे कोण? मी! मी तिला गोडीनं म्हटलं, तू माझ्या डावीकडं बसत जा की, तो कान गेलाय, म्हणजे सगळ्यांचीच सोय. तर म्हणे, तिकडून वारा लागतो.

परवा भजन संपलं, बसली, स्वतःच्या वाटचं पेपरमिंट मला दिलं आणि हळूच विचारलं, "कसं झालं रे?" कान वाजत होता अजून. शेजारी टोपी नव्हती, बायको होती. मी समोर बघितलं आणि म्हटलं, "वाईट नाही."

आता बुधवारपर्यंत भाजी खारट.