आडवा धागा

मंगळवारी सकाळी मला कामावरनं काढलं. शाळेच्या हॉलमधल्या बीमवर प्लास्टर मारायला मी न्हाई म्हणलं, म्हणून.

आमी मूळचे आटपाडीकडचे, धनगर. आई लोकर कातायची. सूत दोन्ही हातांनी ताणून बघायची, आन मी कातलेलं तुटलं की पाठीत धपाटा, लक्ष कुठं हाय रं तुजं. त्यामुळं धागा कुठल्या अंगानं जातोय हे मला बोटालाच कळतंय. मेंढरं गेली, मी गवंडीकाम धरलं, आन मग शिरवळला एका कारखान्यात खांबांना जोर यावा म्हणून कार्बनचं काळं कापड गुंडाळायला शिकलो. काय सांगू तुमाला, लय चिवट कापड, पण एकाच अंगानं. धाग्याच्या लांबीनं ओढा, तुटत न्हाई. आडवं ओढा, नुसत्या बोटांनी फाटतंय. खांब दाबाखाली फुगतोय, म्हणून तिथं धागा भोवतीनं आडवा. बीम वाकतोय, त्याचं खालचं अंग ताणतंय, म्हणून तिथं धागा बीमच्या लांबीनं. एवढंच हाय सगळं.

ही शाळा कडेगाव तालुक्यातली, माझ्या लेकीच्या गावची. हॉलच्या तीन बीमांना खालनं तडे गेल्यालं. नात सहावीत, तिचा वर्ग त्याच हॉलात. काम आलं शिरवळच्याच आमच्या टोळीकडं. टोळीला सवय खांबांची. सुपरवायझरनं खांबाला कापतात तसंच तुकडे कापून दिले, आमी चिकट लावून डकवत गेलो. दोन बीम माझ्याच हातानं झाले, माझ्याच! तिसऱ्यावर बोट फिरलं आन कळलं, धागा आडवा हाय.

म्हणलं, आवं साहेब, हे समदं उलटं झालंय, सोलून काढाय पायजे. तर म्हणतोय, मामा, कापड तेच, चिकट तेच, बसलंय न्हवं घट्ट? मी उरलेला तुकडा त्याच्या तोंडासमोर धरून टर्रकन फाडला. तर हसला. म्हणला, तुमी मेंढरं राखा, बीम मी राखतो. टोळीबी हसली, एका डब्यात जेवणारी माणसं. वर म्हणतोय, उद्या प्लास्टर मारा, मग कुणाला दिसतंय. कुणाला दिसतंय? अरं, मला दिसतंय की! माझ्या नातीच्या डोक्यावर हाय ते!

दुसऱ्या दिवशी थापी हातात घेतलीच न्हाई. सुपरवायझर म्हणला, चालायला लागा. मी चाललो ते तुकडा घेऊन सरळ हेडबाईंकडं. म्हणलं, बाई, तुमीच ओढा. त्यांनी ओढला, फाटला. म्हणलं, आता दुसऱ्या अंगानं. तोंड लाल होईस्तवर ओढला, न्हाई तुटला. बाई उठल्या, हॉलला कुलूप घातलं.

सुपरवायझर चावी मागायला दोनदा आला. बाईंनी दिली न्हाई. सहावीचा वर्ग व्हरांड्यात भरतोय.