गेणूच्या चहात साखर किती

न्हाय, पण सांगायला काय जातंय त्याचं? आँ? तुमीच सांगा! सकाळी नवाला बारामतीच्या दिव्यांग केंद्राची गाडी येती, तर आमचा गेणू पावणेनवालाच फाटकापाशी उभा, केस चापून विंचरलेले, डबा छातीशी धरलेला. साडेपाचला गाडी परत आणून सोडती. मी विचारतो, ‘गेण्या, काय केलं रं आज?’ तर हसतो. नुसता हसतो आन् गेला की आत! दोन वर्षं झाली, तुमाला सांगतो, मला एकाच गोष्टीचं कोडं पडलंय... हा तितं दिवसभर करतो काय?

गेणू म्हणजे माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या हाय. जन्मापास्नंच डोकं जरा सावकाश चालतं त्याचं. आमच्या वडगाव निंबाळकरात लोक पहिलं काहीबाही म्हणायचे, आता केंद्रातल्या मॅडमनी शिकवलंय, बौद्धिक दिव्यांग म्हणायचं. म्हणतो बाबा. आई गेली तवा माझा हात धरून म्हणाली, ‘दत्तोबा, ह्याला अंतर देऊ नको.’ न्हाय दिलं! आंघोळीचं पाणी मी काढतो, शर्ट मी निवडतो, भाकरी कुस्करून देती आमची मंडळी, लीला. पाव्हण्यानं विचारलं, ‘काय गेणूराव, बरं हाय का?’ तर ह्यानं तोंड उघडायच्या आत मी सांगतो, ‘बरं हाय, बरं हाय!’ उगं बिचाऱ्याला तरास कशाला?

तर गेल्या महिन्यात केंद्राची चिठ्ठी आली. काय, तर बारामतीत केंद्राच्या शेजारीच एक घर घेतलंय, चार जणांनी सोमवार ते शुक्रवार तितंच राहायचं, सोबतीला एक माणूस, शनिवार-रविवार आपापल्या घरी. गेणूचं नाव घालायचं का, येऊन बोला. माझं टाळकंच सरकलं! राहायचं? मी काय मेलोय का? आन् चिठ्ठी घरात यायच्या आधी बातमी पारावर. एक तात्या मला अडवून विचारतोय, ‘काय दत्तोबा, भावाला बाहेर काढताय म्हणं?’ बाहेर काढताय! रातभर डोळ्याला डोळा न्हाय हो.

लीला म्हणाली, ‘अवो, न्हाय म्हणा की सरळ. पर आधी बघून तरी या, तितं करतोय काय त्यो दिवसभर.’

घ्या! म्हणजे हिला बी तेच कोडं!

मग काय, काढली मोटारसायकल. कुणाला सांगितलं न्हाय. सांगून गेलं की समदे शहाण्यासारखे वागत्यात, शाळेत साहेब आल्यावर कसं व्हतं? गाडी लांब लावली आन् चोरपावलानं मागच्या खिडकीपाशी. अकराचा सुमार. आत डोकावतो तर... आमचा गेणू गॅसपाशी! अवो, घरात आमी त्याला चुलीच्या दोन हात जवळ येऊ देत न्हाय, आन् हितं हा पातेल्यातला चहा ढवळतोय, गळ्यात फडकं! 

बरं, चहा उकळला, गॅस बंद केला. स्वतः बंद केला! आता कप भरायचे आन् वाटायचे, इतकं साधं काम. पर न्हाय. हा गेला सिकंदरपाशी. सिकंदर म्हणजे चाकाच्या खुर्चीतला, तिशीचा गडी, मान एका बाजूला, शब्द लई कष्टानं निघतो. गेणू म्हणाला, ‘सिकंदर, साखर किती?’

आन् थांबला.

सिकंदरनं मान हलवली, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं... आन् गेणू आपला चमचा धरून उभा! मी खिडकीत घामाघूम. वाटलं, आत घुसावं आन् सांगावं, दोन चमचे घाल रं बाबा आन् हो मोकळा! शेवटी सिकंदर म्हणाला, ‘ए...क.’ गेणूनं एक घातला. मग स्वराली. ती बोलतच न्हाय, बोटं दाखवती. ती बी आधी दाराकडं बघणार, मग पंख्याकडं, मग बोटं. गेणू उभाच. अकरा जणांचा चहा, तुमाला सांगतो, पाऊण तास! बाहेर माळेगाव कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या जाऊन रिकाम्या परत यायच्या, इतका वेळ! म्हणलं, हा तितं दिवसभर करतो काय म्हणजे... हेच करतो?

शेवटी स्वतःचा कप भरला. आन् साखरेच्या डब्याला झाकण लावलं!

माझ्या तोंडून गेलंच, ‘गेण्या, साखर राहिली!’

सगळे वळले की खिडकीकडं. अंजुम मॅडम, म्हणजे केंद्राच्या मुख्य, हसतच बाहेर आल्या. ‘अहो दादा, आत या ना! आणि गेणूदादा बिनसाखरेचाच घेतात. दोन वर्षं झाली.’

बिनसाखरेचा? अवो, आमी ऊसवाले! साखर कारखान्याचे सभासद! दिवाळीची सभासदाची साखर आमच्यात पोत्यानं येती! आमच्यात कुणाला फिका चहा दिला तर तो माणूस परत उंबरा चढत न्हाय! आईनं ह्याला कायम तीन चमचे घातले, लीला तीन घालती, आन् हा पितो की घरी! गुमान पितो!

‘गेण्या,’ म्हणलं, ‘मग सांगितलं का न्हाईस रं?’ आन् लगेच मीच मॅडमना सांगाया लागलो, ‘त्याला काय हाय मॅडम, त्याला...’

मॅडमनी बोट वर केलं. ‘दादा, इथं एकच नियम आहे. विचारायचं आणि थांबायचं.’

‘किती?’

‘उत्तर येईपर्यंत.’

थांबलो. लई अवघड असतंय हो ते! ओठ आपोआप हलत्यात. गेणूनं माझ्याकडं बघितलं, कपाकडं बघितलं, आन् म्हणाला, ‘तू... इचारलं न्हाईस.’

लागलं हो. खोटं कशाला बोलू? भावाला अंतर दिलं न्हाय, अंतर दिलं न्हाय म्हणत छाती फुगवली, आन् चव्वेचाळीस वर्षांत, साखर किती, एवढं एक विचारलं न्हाय.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, ‘गेणूदादा, त्या नव्या घरात राहायचं का?’ माझा ‘न्हाय’ पार दातापर्यंत आला. तोंडावर हात दाबून धरला. गेणूनं सिकंदरकडं बघितलं. गॅसकडं बघितलं. मग म्हणाला, ‘राहीन.’ मला वाटलं झालं, हात काढला, तर आजून बोलायचा होता. ‘शनवारी... घरी.’ आन् मग माझ्याकडं वळून, ‘दादा, तुला करमंल का?’

आन् थांबला. मॅडम थांबल्या, सिकंदर थांबला, समदे माझ्याकडं बघत थांबले!

मी म्हणलं, ‘न्हाय करमणार रं.’ डोळं भरून आलं. ‘पर तू जा.’

केली सही. पारावर आता तात्या विचारतो, ‘तितं करतो काय हो तुमचा भाऊ दिवसभर?’ म्हणलं, ‘थांबतो! तुमाला जमंल का?’

तर परवाच्या शनिवारी आला घरी. लीलानं देव आठवत का हुईना, त्याला गॅसपाशी जाऊ दिलं. चहा केला झकास. आला माझ्यापुढं चमचा घेऊन. ‘दादा, साखर किती?’

आता सांगायला काय जातंय? पर तुमाला सांगतो, मला सांगताच येईना! अठ्ठावन्न वर्षं आधी आईनं घातली ती प्यालो, मग लीलानं घातली ती प्यालो. मला तरी कुणी कधी विचारलंय? म्हणलं, ‘गेण्या, लीलाला विचार.’ तर म्हणतो, ‘न्हाय. तुला.’ आन् उभा राहिला की चमचा धरून! मी विचार करतोय... एक म्हणावं का दोन... तीन म्हणजे लईच व्हतंय का... चहा पार गार!

किती घातली म्हणता? घालतोय कुठला, उत्तर आलं न्हवतं ना! कप तसाच दिला हातात, फिक्का. प्यालो. गुमान प्यालो.