बाराव्या प्रस्तावावरची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या चिरेशेलू गावचे सरपंच माननीय सेराफिम मुंतेआनू. जिल्हा शिक्षण कार्यालयातून वाट वाकडी करून इथवर आलेल्या माननीय निरीक्षकबाई. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती श्रीमती प्रोफिरा चेबान. व्यासपीठावरील माझे सहकारी, समोर बसलेले पालक, इटलीतली कामं टाकून आलेले माजी विद्यार्थी आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या आमच्या पारास्किवाकाकू. काकू, आत येऊन बसा. तव्यावरचे चीजभरले प्लाचिंते थंड झाले तरी चालतील.

ऐकलंत? म्हणतात, "थंड झाले तर तुम्हीच खा, सर!" या शाळेत मुख्याध्यापकाला एवढाच मान आहे. असो.

मंडळी, सकाळपासून पाऊस लागला आहे. या सभागृहात शिरल्या शिरल्या किती जणांनी मान वर करून छताकडे पाहिलं? खरं सांगा. मी पाहिलं. सरपंचांनीही पाहिलं, मला दिसलं. दोन वर्षं झाली नवं छप्पर घालून, तरी ढग आले की माझा हात अजून बादली शोधतो. मग आठवतं की बादल्या आता पारास्किवाकाकूंच्या लोणच्याच्या काकड्यांसाठी गेल्या, आणि अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटतं. हे सुख ज्यांच्यामुळे मिळालं त्या प्रोफिराबाई चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून आज निवृत्त होत आहेत.

त्यांच्या शिकवण्याबद्दल मी काय बोलावं? इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचा शून्य घेतलेला आहे. सरपंचसाहेब, आपणही. मी बोलणार आहे ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल, ज्याचा त्यांना कधी पगार मिळाला नाही. ते काम म्हणजे शाळेसाठी बाहेरून पैसा आणणं. प्रस्ताव लिहिणं.

आपल्याला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी वरून यादी आली. ज्या शाळांची इमारत धोकादायक आणि शौचालय अंगणात, त्यांना दोन वर्षांची मुदत. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर मुलांचं समायोजन, म्हणजे रोज सकाळी बसमध्ये कोंबून चौदा किलोमीटरवरच्या गावात रवानगी. आपली त्रेसष्ट मुलं. हिवाळ्यात तो रस्ता कसा असतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि शाळा गेली की गावाचं काय होतं, हे शेजारच्या दोन गावांत जाऊन बघा. तिथे आता शाळेच्या अंगणात शेळ्या चरतात.

गावाकडे पैसा नव्हता, जिल्ह्याकडेही नव्हता. प्रोफिराबाई म्हणाल्या, "जगात कुणाकडे तरी असेलच." आणि त्या शाळेच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, बटाट्यांच्या पोत्यावर वही ठेवून लिहायला बसल्या. तिथेच का? कारण सगळ्या शाळेत तेवढीच एक जागा उबदार होती. एकामागून एक दहा प्रस्ताव गेले आणि दहाही परत आले. एका संस्थेने विचारलं होतं, शाळेचं दीर्घकालीन स्वप्न काय? बाईंनी लिहिलं, "पहिलीतल्या मुलांना जानेवारीत बर्फातून शौचालयाला जावं लागू नये." तोही परत आला. त्रुटी अशी होती की स्वप्न किमान तीनशे शब्दांचं हवं.

त्या काळात माझं आणि बाईंचं फारसं पटत नसे. त्या गळक्या छताचे, फुगलेल्या भिंतींचे, अंगणातल्या त्या लाकडी खोपटाचे फोटो काढत हिंडायच्या. मी म्हणायचो, "बाई, घरची लक्तरं अशी वेशीवर टांगू नका." त्या म्हणायच्या, "सर, लक्तरं दिसल्याशिवाय कपडे कोण देणार?" मी इतिहासाचा माणूस. मला त्यात आपली मानहानी दिसायची. म्हणून त्यांचे प्रस्ताव मी वाचत नसे, नुसती सही करून द्यायचो. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा.

अकराव्या प्रस्तावाला उत्तर आलं. उत्तरेकडच्या एका देशातली संस्था, त्यांनी कळवलं की आमच्या प्रतिनिधी श्रीमती बिर्गिट शाळा पाहायला येतील. तारीख होती ईस्टरच्या आधीचा गुरुवार.

आता मला सांगा, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आपल्या मोल्दोव्हात कुठला माणूस हातात चुन्याची बादली न घेता उभा असतो? घरं पांढरी होतात, कुंपणं पांढरी होतात, झाडांचे बुंधेसुद्धा सुटत नाहीत. त्यात परदेशी पाहुणी येणार. बाई तेव्हा कागदपत्रं साक्षांकित करायला तीन दिवस राजधानीला, किशिनाउला गेल्या होत्या. जाताना मला बजावून गेल्या, "सर, कशालाही हात लावू नका." मी हो म्हणालो. आणि त्यांची बस वळणाआड गेली न गेली तोच मी सरपंचांना फोन लावला.

कोण आलं नाही मदतीला? सगळं गाव आलं. छतावरचे डाग सफेदीखाली गेले. भिंतींना पोपडे होते, त्यांवर घराघरांतले गालिचे लागले. लेकींच्या लग्नात द्यायला विणलेले गालिचे लोकांनी पेटीतून काढून आणले. बादल्या माळ्यावर गेल्या. अंगणातल्या खोपटाला मी स्वतः कुलूप घातलं आणि पुढे लिलाकची झुडपं रोवली. आम्ही फसवत होतो का हो? देवाशपथ सांगतो, तसं कुणाच्या मनातही नव्हतं. घरी पाहुणा आला की आपण त्याला गळकी खोली दाखवतो का?

बिर्गिटबाई आल्या. त्या दिवशी नेमकं लख्ख ऊन. त्या हिंडल्या, गालिच्यांवर हात फिरवला, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेले सारमाले खाल्ले, सरपंचांची वाइन प्यायल्या. मग त्यांनी हळूच शौचालय विचारलं. पारास्किवाकाकूंनी क्षणाचाही विलंब न लावता त्यांना रस्त्यापलीकडे स्वतःच्या घरी नेलं. तिथे फरशी बसवलेली, गरम पाणी, भरतकाम केलेला टॉवेल. बिर्गिटबाईंना वाटलं, हीच शाळेची मागची इमारत! आपल्या वहीत त्यांनी समाधानाने खूण केली.

तेवढ्यात प्रोफिराबाई बसमधून उतरून दारात आल्या. त्यांनी भिंती पाहिल्या, छत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वाइनचा पेला वर केला आणि म्हणालो, "बाई, बघा कशी शोभा आली शाळेला!" त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आली खरी."

मे महिन्यात पत्र आलं. शाळेची स्थिती उत्तम, शौचालय अनुकरणीय, सबब आमचा निधी अधिक गरजू शाळेला देत आहोत. पत्र माझ्या नावे होतं. मी ते दोनदा वाचलं आणि खणात ठेवून कुलूप लावलं.

मंडळी, इथून पुढचं मी तीन वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही. ती समोर बसून मघापासून घड्याळ दाखवते आहे. आता दाखवायची थांबेल.

शिक्षकांच्या सभेत मला विचारलं, का नाकारलं? मी म्हणालो, "कागदपत्रांत एक शिक्का राहून गेला." कागदपत्रं कोणी केली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी प्रोफिराबाईंकडे पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी लक्ष ठेवीन."

शिक्का राहिला नव्हता. प्रत्येक पानावर होता. शाळा नाकारली गेली ती माझ्या सफेदीमुळे, माझ्या कुलपामुळे. आणि मी खोटं बोललो.

पुढे काय झालं ते तुम्ही सर्वांनी मिळून केलंत. दुकानात ब्रेड घ्यायला गेल्या की, "बाई, ब्रेडला शिक्का मारून देऊ का?" बसमध्ये कंडक्टर विचारायचा, "तिकिटावर शिक्का चालेल ना?" चौतीस वर्षं पोरांना घडवलेल्या बाईंचं नाव पडलं शिक्केवाल्या बाई. आज सकाळीदेखील फाटकाशी कुणीतरी म्हणालं, "चला, शिक्केवाल्या बाईंना निरोप देऊया." मी ऐकलं, आणि फुलांचा गुच्छ माझ्या हातात जड झाला.

त्या उन्हाळ्यात बाईंनी बारावा प्रस्ताव लिहिला, त्याच संस्थेला. व्हरांड्यात मला गाठून सहीसाठी पुढे केला. आजूबाजूला चारजण होते, मला विनोद सुचला. म्हणालो, "या वेळी शिक्का मारलात ना?" सगळे हसले. बाई म्हणाल्या, "मारलाय, सर. तुम्ही फक्त एकदा वाचा." मी म्हणालो, "तुमच्यावर विश्वास आहे," आणि भिंतीला कागद टेकवून सही ठोकली.

नोव्हेंबरात, धो धो पावसात, न कळवता बिर्गिटबाई दारात उभ्या. मला वाटलं, बाई रस्ता चुकल्या. सातवीच्या वर्गात प्रोफिराबाई आम्ल शिकवत होत्या. थेंब पडू लागले तशी मुलं उठली, तीन बाकं डावीकडे सरकवली, बादली ठेवली, बसली. बाईंचं वाक्यसुद्धा तुटलं नाही. किती सरावलेली मुलं ती! मी पुढे होऊन म्हणालो, "चला, आधी गरम प्लाचिंते खाऊ." बिर्गिटबाईंनी मान हलवली आणि शौचालय विचारलं. पारास्किवाकाकू रडत रडत पुढे आल्या, बिर्गिटबाईंच्या हातात छत्री आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले आणि अंगणातल्या खोपटाकडे बोट दाखवलं. काकू, नंतर तुम्ही मला म्हणालात, "सर, मेले असते तर बरं झालं असतं, पण प्रोफिराबाईंनी शपथ घातली होती."

पुढचं सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. मंजुरी आली, ऑगस्टपर्यंत छप्पर झालं, आत शौचालयं झाली, वर्ग उबदार ठेवणारे गरम पाण्याचे पाइप आले. यादीतून आपलं नाव निघालं. उद्घाटनाला बिर्गिटबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि दुभाष्याकरवी म्हणाल्या, "तुमच्यासारखं पत्र मला आजवर कुठल्याही मुख्याध्यापकाने लिहिलं नव्हतं." मी काय म्हणालो असेन? "आमचं कर्तव्यच आहे ते!" कुठलं पत्र, हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सरपंचांनी त्या संध्याकाळी मला गावाचा सर्वात सच्चा माणूस म्हटलं.

गेल्या मंगळवारी बाईंनी कपाट रिकामं केलं आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. फायली तपासून घ्यायच्या म्हणून मी उघडलं. अकराव्या प्रस्तावाच्या फायलीत ते नकाराचं पत्र होतं. संस्थेने त्याची प्रत बाईंनाही पाठवली होती, त्याच दिवशी. म्हणजे त्या सभेत मी शिक्क्याचं बोललो तेव्हा बाईंना सगळं माहीत होतं. पत्राच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "पाहुणी येणार म्हणून सफेदी झाली. सरांना वाईट वाटलं असणार. विषय बंद."

आणि त्याखाली बारावा प्रस्ताव. तो मी पहिल्यांदाच वाचला. त्यातला थोडा भाग आपल्या परवानगीने वाचतो.

"वसंतात आपल्या प्रतिनिधी आल्या तेव्हा आम्ही त्यांना आमची खरी शाळा दाखवली नाही. डागांवर सफेदी केली, भिंतींवर लोकांचे गालिचे लावले. त्यांनी पाहिलेलं शौचालय आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या घरचं होतं. पाहुण्याला उणं दिसू देऊ नये, ही आमची रीत आहे आणि तिची आम्हाला लाज नाही. पण तिच्यापायी मुलांची शाळा जाणार असेल, तर ती आज मोडतो. ही चूक मुख्याध्यापक या नात्याने माझी आहे. कृपया पावसात या. न कळवता या. आपला, वेनियामिन रोतारू."

मंडळी, ही कबुली मी दिली नव्हती. मी द्यायला हवी होती तशी ती बाईंनी माझ्या नावाने लिहिली, तिच्या जोरावर शाळा वाचवली, आणि सच्चेपणाचा मान मला घेऊ दिला. स्वतः शिक्केवाल्या बाई होऊन राहिल्या. मंगळवारी मी त्या कपाटासमोर बसून रडलो, हे सांगायला आज मला कमीपणा वाटत नाही. उलट बरं वाटतंय. तीन वर्षांनी मोकळा श्वास घेतोय.

प्रोफिराबाई, सगळ्या गावासमोर आपली क्षमा मागतो. द्यायची की नाही ते आपण ठरवा. रसायनशास्त्रात आपण कधी कुणाला फुकट गुण दिले नाहीत, इथेही देऊ नका.

अध्यक्षमहोदय, निरीक्षकबाई, आपण वेळ दिलात, आभारी आहे. गुच्छ बांधणाऱ्या मुलींचे, आणि आता प्लाचिंते परत तापवायला लागणाऱ्या पारास्किवाकाकूंचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात काही मागंपुढं झालं असेल, तर ते माझं वय पाहून पोटात घाला. शिक्क्याची गोष्ट मात्र कुणी पोटात ठेवू नका. उद्या दुकानात सांगा, बसमध्ये सांगा, त्या कंडक्टरला तर आवर्जून सांगा.

आणि बाई, हा बारावा प्रस्ताव आपल्याला परत देतो. माझ्या जुन्या सहीखाली आज पुन्हा सही केली आहे. या वेळी वाचून.