काठोकाठ भरलेला पियाला

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सतरा नंबरच्या इमारतीचे कारभारी तेमिरकुल शाकिरोविच. नारिनहून एवढा घाट उतरून या वयात मुद्दाम आलेले, सायकालचे वडील आब्दिकेरिम आजोबा. पहिल्या रांगेत विणकाम खाली न ठेवता बसलेल्या माझ्या शेजारीण गालिना पेत्रोव्ना. इमारतीतले सगळे लहानथोर. आणि जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती आपली सायकाल, जी आत्तासुद्धा खुर्चीवर बसायचं सोडून टेबलावरचा नानचा चुरा गोळा करते आहे... सायकाल, बस बाई. आज हा हॉल दुसरं कुणीतरी झाडणार आहे.

तेमिरकुलनं मला दहा मिनिटं दिली आहेत आणि माझीच पितळी घंटा माझ्यासमोर आणून ठेवली आहे. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं ही मला भेट दिली होती. पस्तीस वर्षं भूगोल शिकवला मी. घंटा झाली तरी वर्गातून न निघणाऱ्या मास्तरांचा मला फार राग यायचा. मुलांची सुट्टी खायचा यांना काय अधिकार, असं मी शिक्षकांच्या खोलीत तावातावानं बोलायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले आणि सायकाल माझ्याकडे साफसफाईला यायला लागली. मंगळवार आणि शुक्रवार, बारा ते तीन. तीन तासांचं काम, तीन तासांचे पैसे. बोली किती सरळ, नाही का? पण आपल्या घरात पाऊल टाकलेल्या माणसाला चहा न देता कोण कामाला लावतं? माझ्या आईनं तर वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही जाम आणि गरम तळलेले बोरसोक खाऊ घातले होते. तेव्हा सायकाल आली की आधी दस्तरखान अंथरायचं. चहा, नान, लोणी, जर्दाळूचा मुरांबा. ती थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणायची, "एजे, आधी फरशी करून घेते." मी म्हणायची, "फरशी काय पळून चालली आहे?" एक वाजायचा.

मग ती कामाला लागायची आणि मी तिच्या मागे मागे. "सायकाल, जाता जाता ती खिडकी पुसशील का? जाता जाता मुरांब्याच्या बरण्या धुतेस का? जाता जाता झुंबर..." माझ्या घरी जाता जाता करायची कामं असायची सहा, आणि जाणं काही व्हायचं नाही. शेवटी पुन्हा चहा. निघताना नानचा तुकडा मोडायला लावून मी तिला दारात सोडायची तेव्हा पाच वाजलेले असायचे. वर मी मनात म्हणायची, किती करते मी हिचं!

गालिनाकडे मात्र हीच सायकाल बरोबर तीन तास काम करायची आणि बरोबर तिसऱ्या तासाला बाहेर पडायची. गालिना तिला चहा विचारायची नाही. मी जिन्यात गाठून ऐकवलंसुद्धा होतं, "गालिना, चाळीस वर्षं आमच्यात राहिलीस, पण माणुसकी काही शिकली नाहीस." ती म्हणाली, "आणि तू घड्याळ बघायला शिकली नाहीस." आम्ही आठ दिवस बोललो नाही. गालिना, हसू नकोस, टाके चुकतील.

आता चार वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारची गोष्ट. हल्ली तुम्ही मुलं मगातून चहा पिता म्हणून सांगते, आपल्याकडे पाहुण्याचा पियाला अर्ध्याच्याही खाली भरतात. थोडा ओतायचा, तो संपला की पुन्हा थोडा. बसा, घाई कसली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि पियाला काठोकाठ भरून पुढे ठेवला, तर पाहुण्यानं ओळखायचं की आता उठायचं. तर त्या शुक्रवारी साडेतीन वाजता काम आटोपून सायकाल माझ्यासमोर बसली होती. मी ओततेय, ती पितेय. मी सांगत होते माझ्या भाचीच्या लग्नातली भांडणं. पाचव्या पियाल्याला तिनं माझ्या हातातली किटली घेतली, माझा पियाला काठोकाठ भरला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला आणि मान खाली घालून बसून राहिली.

मला! माझ्या घरात, माझ्या दस्तरखानावर!

माझा चेहरा असा झाला असेल की विचारू नका. मी तो पियाला तसाच ठेवून आतल्या खोलीत गेले. ती दारातून "येते एजे" म्हणाली, मी आतून दार लोटलं. मंगळवारी चहा मांडला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. तिनं काम केलं आणि बरोबर तीनला गेली. आणि सांगायला लाज वाटते, पण घर इतकं लखलखीत तोवरच्या सात वर्षांत कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी गालिना आली. म्हणाली, "तिला वेळेवर सोडलंस म्हणे आज. शहाणी झालीस. बापाची भेट तरी झाली तिची."

"कुणाच्या बापाची?"

"म्हणजे तुला माहीतच नाही? महिना होत आला, त्याच्या मांडीचं हाड मोडलंय. इथल्या रुग्णालयात आहे. भेटायची वेळ साडेतीन ते साडेचार. मंगळवारी नि शुक्रवारी म्हातारा दाराकडे बघत बसतो आणि पोरगी तुझा मुरांबा खात असते."

मी तिथंच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. महिनाभर मी या मुलीला तिच्या वडिलांपासून अडवून धरलं होतं, आणि कशानं? मुरांब्यानं! जो मास्तर सुट्टी खातो त्याच्यावर दात खाणारी मी, हिचे दोन-दोन तास खात होते आणि त्याला आदरातिथ्य म्हणत होते. फार रडले मी त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी शोरबा घेऊन रुग्णालयात गेले. आब्दिकेरिम आजोबा, आठवतं ना? यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "चहावाल्या एजे त्या तुम्हीच का?" मी मान हलवली. तर म्हणाले, "पोरीला बोल लावू नका. तिला म्हटलं होतं मी, सांग की बाप आजारी आहे. तर म्हणाली, एजे एवढ्या प्रेमानं बसवतात, उठून जायचं कारण सांगितलं तर त्यांना वाटेल मी त्यांचा चहा मोजते." मग यांनी माझा शोरबा प्यायला आणि मीठ कमी आहे म्हणाले.

शुक्रवारी मी सायकालला समोर बसवलं. म्हटलं, "चुकलं माझं. यापुढे चहाचा वेळही कामात धरू. पाच तास बसलीस तर पाच तासांचे पैसे." मला वाटलं, केवढी उदार मी! ती कधी नव्हे ती चिडली. म्हणाली, "एजे, चहा प्यायचे पैसे घेऊ मी? मग मी तुमची पाहुणीही नाही नि कामवालीही नाही. मग मी तुमची कोण?"

मंडळी, मी उठले आणि कागद-पेन आणून तिच्यापुढे ठेवलं.

मग आम्ही ठरवलं. मी नाही, तिनं ठरवलं. तीन तासांत काय होतं ते तिनं कागदावर लिहिलं: फरशी, स्वयंपाकघर, न्हाणीघर, धूळ. खिडक्या महिन्यातून एकदा, त्या दिवशी चार तास आणि चार तासांचे पैसे. झुंबर ईदच्या आधी. बरण्या एजेंनी स्वतः धुवायच्या. कामाच्या दिवशी उभ्याउभ्या नानचा एक तुकडा, बस. आणि तीन वाजता मी ही घंटा वाजवायची. वाजवली मी, एकदाही चुकले नाही. "जाता जाता" असं तोंडात आलं की ती घंटेकडे बोट दाखवायची.

आणि चहा? चहा रविवारी. रविवारी ती चांगले कपडे घालून यायची, किल्ली असूनही बेल वाजवायची आणि पाहुणी म्हणून बसायची. मी धुळीचा विषय काढायचा नाही, तिनं कोळिष्टकाकडे बघायचं नाही. एकदा बघत होती, मी पकडलं! त्या रविवारांत मला कळलं की तिला घोडे माझ्यापेक्षा जास्त कळतात आणि भाचीच्या लग्नातली भांडणं तिला मुळीच ऐकायची नसतात. आधीच्या सात वर्षांत इतका चहा पाजूनही यातलं काही मला ठाऊक नव्हतं.

आता ती नारिनला चालली आहे. वडिलांच्या अंगणात प्रवाशांसाठी सहा खोल्या बांधल्या आहेत तिनं. सायकाल, तिथे तू मालकीण. कामाला येणाऱ्या मुलींचे तास आधी ठरव. आणि ही घंटा घेऊन जा, मला आता ती न वाजवताही ऐकू येते.

तेमिरकुल, हो, बघते आहे मी तुझा हात. हॉल देणाऱ्यांचे, बोरसोक तळणाऱ्या तिसऱ्या मजल्याचे, इतकं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. गालिना, तुझे तर जरा उशिरानं, पण मनापासून.

एकच राहिलं. ही किटली, हा पियाला. निघणाऱ्या माणसाला आज काठोकाठ भरून द्यायला हवा, आणि मी सकाळी तसं ठरवूनच आले होते. पण बघा, तळाशी दोन घोट पडले आणि हात पुढे जाईना. घे सायकाल. संपला की पुढे कर, मी पुन्हा एवढाच ओतीन. बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल तर म्हातारीला सांभाळून घ्या, मंडळी, आणि हा पियाला मला भरता आला नाही, तेवढंही पोटात घाला.